डमालीला साक्षीदार हवा आहे

वांदेगेया बाजार, कंपाला
सोमवार, ३ मार्च

एरिया,

काकाच्या मातीला अख्खं गाव जमलं होतं, तुझी पोरगी तुझ्यासमोर गुडघ्यांवर बसून "बाबा, कसे आहात" म्हणत राहिली, आणि तू उठून कॉफीच्या झाडांकडे चालता झालास. मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे, तुझं नाक मी पुसलंय, म्हणून विचारते: "बरा आहे, पोरी" एवढं म्हणायला तुझ्या जिभेला फोड आला असता का? परक्याची असती तर तिच्या बकरीचीसुद्धा विचारपूस केली असतीस.

ती उठेना. उत्तर मिळाल्याशिवाय मोठ्यांसमोरून उठायचं नाही, एवढंच आपण तिला शिकवलंय. उत्तरच आलं नाही तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नाही. शेवटी मी तिच्या बगलेत हात घालून तिला उभं केलं. नव्या गोमेसी झग्याच्या घोळाला चिखल लागला होता. तो मी इथे दोनदा धुतला, अजून गेला नाही.

वर तू काकीला सांगितलंस, युनियानं पोरगी बिघडवली, तिला खाणावळीत ताटं विसळायला ठेवलीय आणि कायदा शिकते म्हणून सांगते. मातीची जागा होती म्हणून मी तोंड मिटून बसले. आता घरी आलेय, आता ऐक.

ताटं मी विसळते. ती शिकते.

दोन वर्षं झाली तिच्या क्वांजुलाला, त्या मागणीच्या समारंभाला. तिला बघायला आलेले पाहुणे ती गोष्ट विसरले, मंडपवाला विसरला, तू विसरत नाहीस. मसाकापासून राकाईपर्यंत लोक आपल्या पोरींच्या समारंभात बोलायला तुला बोलावतात. पण स्वतःच्या पोरीच्या वेळी दुसऱ्याचं तोंड चालेना, म्हणून बाप असून तूच बोलायला उभा राहिलास. लोक हसले, तुला फिकीर नव्हती. बोललासही छान. ते मी कधी नाकारलं नाही. मग तू विचारलंस, "डमाली, या पाहुण्यांना तू ओळखतेस का?" तिनं हो म्हणायचं आणि आम्ही बायकांनी आनंदाचा गलका करायचा, एवढंच उरलं होतं. ती हो म्हणाली. आणि नवरदेवाकडे तोंड करून म्हणाली, "वास्वा, लुगाझीला दोन मुलं तुम्हाला बाबा म्हणतात, ती आज का नाही आली?"

वास्वाच्या लोकांनी केळीचे घड परत गाडीत चढवले ते मला अजून दिसतं.

तू तेव्हा मला विचारलंस, सेंगा म्हणून तू तिच्या शेजारी बसली होतीस, तुला माहीत होतं का. मी नाही म्हटलं. आजही नाहीच म्हणते. बापाच्या बहिणीनं भाचीला संसार कसा करायचा ते शिकवायचं असतं, तेवढं मी शिकवलं. बाकी तिचं डोकं तिचं आहे.

आता ती काय शिकते ते सांगते, म्हणजे काकीला नीट सांगशील. विद्यापीठाची चार वर्षं झाली, त्यात तिनं पुस्तकं वाचली. टेकडीवरच्या या शाळेत कोर्टात उभं राहून काम कसं करायचं ते करून घेतात. मला वाटायचं वकिली म्हणजे मोठ्यानं बोलणं, त्याला कसली शाळा? पण आहे. एका खोलीत कोर्ट मांडतात. वकील विद्यार्थी, आरोपी विद्यार्थी, पण साक्षीदार बाहेरून आणतात, कारण विद्यार्थी साक्षीदार झाला की मित्राला सांभाळून उत्तरं देतो. न्यायाधीशाच्या जागी कातुशाबे बाई बसतात. देशाच्या पश्चिमेकडच्या आहेत, पण दुपारी माझ्याकडे उकडलेल्या केळ्यांचं मातोके आणि शेंगदाण्याची आमटी खातात. एकदा मी गिऱ्हाइकाला सांगत होते, मांस आज सकाळचंच आहे. बाई म्हणाल्या, "युनिया, कालचं ना?" मी म्हटलं, "सकाळचंच आहे, काल सकाळचं." त्या ताट बाजूला सारून माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही आमच्याकडे साक्षीदार म्हणून या."

म्हणून परवा मी बघायला गेले. खटला शिलाई मशीन चोरल्याचा, सगळा रचलेला. डमाली आरोपीची वकील. समोरच्या पक्षाचा साक्षीदार मुलोंडो मुझेई, टपाल कचेरीतून निवृत्त झालेले म्हातारे गृहस्थ, तुझ्यासारखेच ताठ. दार उघडून ते आत आले, आणि तुझी पोरगी, काळा कोट घातलेली, हातात कागद, सरळ खाली गुडघ्यांवर. "मुझेई, दिवस कसा गेला, घरची मंडळी कशी आहेत." सगळा वर्ग हसला. मुझेईंना मात्र फार आवडलं. त्यांनी घरच्या प्रत्येकाची खुशाली सांगितली.

मग तिनं विचारलं, "मुझेई, एवढ्या अंधारात तुम्ही त्याला ओळखलं तरी कसं?" झालं. मुझेईंनी आरोपीचा बाप सांगितला, बापाची चाल सांगितली, त्या चालीचा लंगडेपणा पोरात कसा उतरला ते स्वतः उठून चालून दाखवलं. वीस मिनिटं. आरोपी तुरुंगात गेला. बाईंनी तिच्या कागदावर लिहिलं: "इथे साक्षीदारानं वकिलाची तपासणी केली."

ती घरी येऊन म्हणाली, "सेंगा, म्हातारा माणूस समोर आला की मला बाबा दिसतात. वाटतं, मी उभी राहिले तर तेही उठून जातील."

हे तुझं काम आहे, एरिया. या विषयात नापास झाली तर तिला सनद नाही. तिला बापानं उत्तर द्यावं एवढंच तिला पाहिजे, आणि माझंही तुझ्याकडे तेवढंच मागणं आहे.

युनिया


सोमवार, २४ मार्च

एरिया,

टॅक्सीवाल्या सेन्टोंगोनं गाडी थांबवून क्योतेराहून आणलेला तुझा निरोप सांगितला. "युनियाला सांग, मला कोर्टाच्या गोष्टी नकोत." एवढाच. पत्र लिहायला हात दुखतो काय तुझा? मी चौथी शिकलेली बाई, एकेक ओळ लिहिताना जीभ बाहेर येते, तरी लिहितेय. फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहितेय.

गोष्टी नकोत म्हणालास म्हणून आणखी सांगते.

मी तिला सुचवलं, "साक्षीदार बाहेर बाकावर बसलेला असतो ना, तिथेच जाऊन गुडघे टेकून विचारपूस उरकून घे. आत गेल्यावर उभी राहा."

"समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराशी आधी बोलता येत नाही, सेंगा."

"कसे आहात एवढंसुद्धा नाही?"

"एवढंसुद्धा नाही."

असला कायदा गोऱ्यांनीच केला असणार.

मग आम्ही दुपारच्या गर्दीनंतर खाणावळीत बसून तालीम करतो. मी कधी साक्षीदार, कधी पोलीस, कधी लाच खाल्लेला डॉक्टर. डॉक्टर मी उत्तम करते. तिला बाईंनी सांगितलंय, उलटतपासणीत एका प्रश्नात एकच गोष्ट, आणि उत्तर "हो" येईल असाच प्रश्न. का, कसं, कशाला, हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. मी म्हटलं, हे तर मला बाजारात रोज लागतं. मासेवालीला "मासा ताजा आहे का" म्हणून विचारणारी बाई मूर्ख. मी म्हणते, "हा मासा काल आला. बर्फात होता. बर्फ वितळला. डोळा पांढरा पडलाय." ती प्रत्येक वेळी मान हलवते, आणि मग भाव मी सांगते.

डमालीनं ते वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी वहीत लिहिण्याची ही पहिलीच वेळ.

गुडघे मात्र ऐकत नाहीत. परवा कोळसेवाला म्हातारा पोतं टाकायला आला, त्याला मी साक्षीदार म्हणून बसवलं. ती उभी होती, मी डोळे वटारले होते, तरी खाली गेलीच. म्हातारा मला म्हणाला, "पोरगी गुणाची आहे, लग्न ठरलंय का?" मी त्याला पोत्यासकट बाहेर काढलं.

तिला रागावत नाही मी. सकाळी पाच वाजता उठते, केळी सोलताना स्वतःशी प्रश्न पुटपुटते, एकाच प्रश्नाचे दहा तुकडे करते, प्रत्येक तुकडा तोंडात घोळवून बघते. तू गावात मोठ्या समारंभाच्या आधी गोठ्यात जाऊन गाईंपुढे बोलायचास ना, तसंच. तिला ते कुणी सांगितलेलं नाही.

यु.


सोमवार, २१ एप्रिल, ईस्टरचा दुसरा दिवस

एरिया,

तुझ्या पोरीनं मला हरवलं. बस आणि सगळं नीट वाच.

गेल्या बुधवारी साक्षीदार मीच होते. बाईंनी मला एक पानभर साक्ष दिली होती, एका मुलीनं ती मला तीनदा वाचून दाखवली. तोच शिलाई मशीनचा खटला, फक्त या वेळी चोरी दिवसाची. माझी साक्ष अशी की मी शिंप्याच्या दुकानासमोर केळी सोलत बसले होते आणि मी आरोपीला मशीन बाहेर नेताना पाहिलं. सरकारी बाजूच्या मुलानं मला विचारलं, मी सांगितलं. छान सांगितलं. पानावर नव्हता तो आरोपीचा लाल शर्टही सांगितला.

मग डमाली उठली. मी बघत होते तिच्या गुडघ्यांकडे. ते वाकायला लागले. आत्या आहे मी, मोठी आहे, सवय आहे. मी मनात म्हटलं, गेलं वर्ष वाया.

ती अर्ध्यावर थांबली. टेबलाची कड धरली, सरळ झाली, आणि बाईंना म्हणाली, "परवानगी असेल तर साक्षीदाराची विचारपूस करून सुरू करते." बाई म्हणाल्या, "करा, पण उभ्यानं." खोलीत कुणीतरी हसलं, बाईंनी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबलं.

आपली विचारपूस कशी असते तुला ठाऊक आहे. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं नुसतं हुंकारायचं.

"सेंगा, दिवस बरा गेला."

"हं."

"घरची मंडळी बरी आहेत."

"हं."

"कामाला जोर आहे."

"हं."

"केळी सोलता."

"हं."

"चटईवर बसून सोलता."

"हं."

"टोपली पुढ्यात असते."

"हं."

"टोपलीच्या पुढे रस्ता."

"हं."

"दुकान पाठीमागे."

"हं," म्हणाले मी. एरिया, आवाज तोच, लय तीच, खाली-वर काही नाही, मला कळलंच नाही विचारपूस कुठे संपली आणि उलटतपासणी कुठे सुरू झाली. हुंकार तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं की पाठीमागचं दुकान मी पाहिलं कसं, याचं उत्तर आता द्यावं लागणार.

उत्तर माझ्याकडे तयार होतं. शिंप्याच्या दारात गिऱ्हाइकांसाठी आरसा लावलेला असतो, त्यात दिसलं म्हणणार होते. मी वाट बघत होते, आता विचारेल, मग कसं पाहिलंत. विचार की, विचार. मी तोंड उघडून बसले होते.

तिनं कागद खाली ठेवला, बाईंना मान लववली आणि जागेवर बसली.

मी म्हटलं, "पण आरसा होता." बाई म्हणाल्या, "साक्षीदारानं विचारल्याशिवाय बोलू नये." आरसा तसाच राहिला माझ्या घशात. आरोपी सुटला.

नंतर बाईंनी तिला सांगितलं की खऱ्या कोर्टात कुणी न्यायाधीश खुशाली विचारू देणार नाही, तेवढा भाग सोडून द्यायचा. पण ती लय ठेव. ती लय आम्हाला कुणाला शिकवता येत नाही, आम्ही ती घालवायलाच शिकवत होतो. हे बाईंनी सगळ्या वर्गासमोर म्हटलं. वीस वर्षं कोर्टात काढलेली बाई आहे ती, उगाच कौतुक करत नाही. माझ्या आमटीचंसुद्धा कधी केलं नाही.

मी साठ माणसांच्या रांगेला तोंड देणारी बाई, मला आजवर कुणी गप्प केलेलं नाही. नवऱ्यानं नाही, नगरपालिकेच्या माणसांनी नाही. एका पोरीनं मला हुंकार भरायला लावून गप्प केलं, आणि आवाज न चढवता. बाजारभर सांगत फिरले मी. टोमॅटोवाली म्हणाली, "हरलीस आणि जिंकल्यासारखी काय फिरतेस?" म्हटलं, तुला नाही कळायचं.

तुलाही कळत नसेल तर पुन्हा वाच.

युनिया


सोमवार, २ जून

एरिया,

उद्या नामुगोंगोच्या यात्रेची सुट्टी, रस्ते माणसांनी भरलेत, खाणावळीत उभं राहायला जागा नाही, तरी पुढचं सगळं गिऱ्हाईक टोमॅटोवालीवर सोपवून मी मागे येऊन बसलेय. हे पत्र लांबवलं तर पुन्हा लिहिणार नाही, हे मला माहीत आहे.

त्या बुधवारनंतर मला एक गोष्ट खटकत राहिली. आम्ही दोघी दोन वर्षं एका घरात राहतो. एका पातेल्यात जेवतो. त्या समारंभाबद्दल ती मला सगळं बोललीय, वास्वाचं तोंड, तुझं तोंड, घडांची गाडी. एक गोष्ट तिनं कधी विचारली नाही. मला वाटायचं तिच्या लक्षात नाही आलं. आता तिला कोर्टात बघितल्यावर कळलं, लक्षात सगळं आहे. तिला उत्तर माहीत आहे. विचारलं तर मला एकतर खोटं बोलावं लागेल नाहीतर तुझ्यासमोर उघडं पडावं लागेल, म्हणून ती कागद खाली ठेवून बसलीय. दोन वर्षं.

तर मीच सांगते. एकेका ओळीत एकेक गोष्ट, तिच्यासारखी. तू हुंकार भर.

समारंभ शनिवारी होता.

गुरुवारी मी लुगाझीच्या बाजारात केळीची पानं आणायला गेले.

तिथे एका बाईनं मला वास्वाची दोन पोरं दाखवली. थोरल्याचं कपाळ वास्वाचंच.

शुक्रवारी तू माझ्याकडे आलास. तू नवा पायघोळ कान्झू घालून दाखवलास आणि विचारलंस, सगळं ठीक ना. मी म्हटलं, ठीक.

शनिवारी सकाळी केस विंचरताना मी ते डमालीला सांगितलं. तुला नाही सांगितलं, तिला सांगितलं. म्हटलं, तुझं तू बघ.

हेच मी केलं. तुझं बोलणं पाठ झालं होतं, दोनशे माणसं येणार होती, आणि तुझ्या त्या तोंडाला मी घाबरले. म्हणून ते ओझं मी बावीस वर्षांच्या पोरीच्या हातात दिलं आणि शेजारी बसून राहिले. तिनं जे विचारलं ते तू विचारायला हवं होतंस, आणि तू विचारलं असतंस, कारण असं काही ऐकून तू गप्प बसणारा नाहीस. तुला कळलं नाही, कारण मी कळू दिलं नाही. तू मांडवामागे मला विचारलंस तेव्हा पोरगी तिथेच उभी होती. मी नाही म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. नाही का म्हटलंस, ते तिनं मला आजवर विचारलं नाही. तेव्हापासून उद्धट तीच, बेअदब तीच, घराचं नाक कापलं तेही तिनंच.

मार्चच्या पत्रातही मी खोटं लिहिलं. राग धरायचा तर माझ्यावर धर. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल, माझी कातडी जाड आहे. पण तिच्याशी अबोला धरायला तुझ्याकडे आता काही कारण उरलेलं नाही.

हे सगळं मी काल तिला सांगितलं, तुला लिहिणार म्हणून. ती म्हणाली, "सेंगा, नको, बाबा तुझ्याशीही बोलणं सोडतील." मी म्हटलं, "मग निदान दोघी सारख्याच होऊ." ती हसली, आणि मग केळी सोलायला बसली.

आता कामाचं. शेवटची परीक्षा १९ जूनला आहे. परीक्षक बाहेरचे येतात. प्रत्येक विद्यार्थ्याची उलटतपासणी एका बाहेरच्या साक्षीदारावर होते. बाईंनी डमालीला विचारलं, तुला कसा साक्षीदार आणू. सगळ्यांनी लाजरेबुजरे मागितलेत. ती म्हणाली, "बोलण्यात पटाईत असेल असा आणा. वयानं मोठा, पुरुष, आणि माझ्यावर रागावलेला." बाई म्हणाल्या, "असा कुठे मिळेल?" मी आमटी वाढत होते, मी म्हटलं, क्योतेराला.

बाप चालतो. मी विचारून घेतलं. बाई म्हणाल्या, कोर्टात समोर कोण येईल ते वकिलाला निवडता येत नाही, तेव्हा बाप तर बाप. तुला एक पान देतील, ते पाठ करायचं. तुला ते आवडेल, खोटं बोलू नकोस. पिंजऱ्यात उभा राहशील, सगळे तुझ्याकडे बघतील. ती तुझ्यासमोर उभी असेल, सरळ, आणि तुला ते सहन करावं लागेल. तिथून उठून कॉफीच्या झाडांकडे जाता येत नाही. ती एकेक वाक्य बोलेल आणि प्रत्येक वाक्याला तू उत्तर द्यायचं.

तुला हरवायला तिला किती वेळ लागेल ते मी आज सांगत नाही. मला वाटतं, मासेवालीला हरवायला मला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त. तू चांगला आहेस बोलण्यात. ती जास्त चांगली आहे, आणि हे तिला तुझ्या तोंडून कळावं असं तिला वाटतं, माझ्या नाही.

साक्षीदाराचं नाव शुक्रवारी, ६ तारखेला सकाळी दहाच्या आत कचेरीत द्यायचंय. नाव नाही आलं तर तिला कुठलातरी लाजराबुजरा म्हातारा देतील, आणि ती पासही होईल, पण तो तू नसशील. सेन्टोंगोची टॅक्सी गुरुवारी दुपारी दोनला मसाकाहून सुटते. तोंडी निरोप मी घेणार नाही, तू काय म्हणालास आणि त्यानं काय ऐकलं यात फरक पडतो. कागदावर तुझ्या हातानं लिही, खाली सही कर, आणि तो कागद मला गुरुवारी संध्याकाळपर्यंत मिळाला पाहिजे.

युनिया